धुऱ्यावर पेटलेली सकाळ

धुऱ्यावरून डोकी फुटणे देवळीकडच्या गावांना नवीन नाही. दोन वावरांमधली ती हातभर रुंद गवताची पट्टी. पण तिच्यापायी भाऊ भावाच्या मयतीलाही जात नाही.

त्या सकाळी धनंजयला धुरा खचलेला दिसला. पलीकडे चुलतभाऊ बंडूने आदल्याच दिवशी नांगरणी केली होती. धनंजयला एवढे पुरले. त्याने कुऱ्हाड उचलली.

बंडूच्या वावरात नवसाचे रोडगे होते. त्याची आई विमलाबाई गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे गोळे भाजत होती.

"बंड्या! धुरा काऊन कोरला बे?"

"म्या नाई कोरला. तुह्या बापानं सरणावर नेला असन, तिथं पाह्य!"

कुऱ्हाडीचा दांडा बंडूच्या खांद्यावर बसला. हाड कडाडले. बंडूने धनंजयच्या मनगटाचा लचका तोडला, तशी कुऱ्हाड सुटली. रक्ताने माखलेले दोघे ढेकळांत लोळले आणि धनंजयने बंडूचा गळा आवळला. विमलाबाईचे ओरडणे त्याला ऐकू येत नव्हते. बंडूचे काळे पडणारे ओठ दिसत नव्हते. दिसत होता फक्त गळा. आज याला संपवायचेच!

तडफडत बंडूने लाथ झाडली. धनंजय मागे उलटला तो थेट निखाऱ्यांत! त्याची पँट मागून पेटली.

आणि ज्याचा जीव आत्ता जात होता, तोच बंडू खोकत खोकत उठला, त्याने धनंजयला पालथे पाडले आणि धड हाताने त्याच्या ढुंगणावर धपाधप मारत तो आग विझवू लागला.

"मार बंड्या, मार!" विमलाबाई ओरडली. "आता हात थांबवू नोको!"

आग विझली. पालथ्या पडलेल्या धनंजयला आधी हुंदका आला, मग हसू.

"हासवू नोको बे, खांदा दुखते!" बंडू कण्हत हसला.

जमिनीला गाल लागलेल्या धनंजयला आता धुऱ्याची खालची बाजू दिसली. माती आतून पोखरली होती. वरच्या नाल्यापासून पाण्याची घळ दोघांच्याही वावरांतून गेली होती. नांगराने ओढलेले तास तर धुऱ्यापासून दोन हात लांब!

"बंड्या, धुरा त पान्यानं खाल्ला बे!"

"मंग म्या काय सांगून राह्यलो होतो?"

विमलाबाई धनंजयजवळ बसली. "वावर तेच, डोये तेच. गळा दाबत होतास तवा काऊन नाई दिसलं, धन्या?"

"मोठी माय, तवा मले बंड्याबी नाई दिसला."

"रागात तेवढंच दिसते, ज्याले मारायचं असते. हासलास, मन मोकळं झालं, तवा कुठं वावर दिसलं. दोघायनं मिळून नाल्याले बांध घाला."

धनंजयने बंडूला वर्ध्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले तेव्हा बंडू काही बोलायच्या आत धनंजयच म्हणाला, "म्या मारलं." खांदा जुळायला पावसाळा उजाडला. तोवर नाल्यावर दगड एकटा धनंजयच रचत होता. बंडू काठावर बसून त्याच्या चुका काढत होता.

मंडळी, हसणे, माया, कौतुक या चैनीच्या गोष्टी समजू नका. रागाने नजर आखडते, मायेने ती पसरते. तेव्हाच वाट सुचते आणि अडल्या दिवशी धावून येणारा माणूस आपल्यापाशी शिल्लक राहतो. प्रत्येकाला वेळेवर निखारे भेटतीलच असे नाही. हात उगारण्याआधी नजर एकदा पसरू द्या!