अंकुशची दोन मिनिटं

लॅपटॉपवर एकही नेटवर्क दिसेना, तेव्हा अंकुशनं तो बंद करून पुन्हा सुरू केला. यादी कोरीच.

"लागला का गा?" शेजारच्या खुर्चीतून कौसल्याबाईंनी विचारलं.

"दोन मिनिटं, आई."

दुपारचे सव्वादोन वाजले होते. नागपूरच्या विमानतळावर मायलेक मुंबईच्या विमानाची वाट पाहत होते. विमान दीड तास उशिरा होतं. मुंबईहून पुढं मस्कत. तिथल्या इस्पितळात अंकुशची धाकटी बहीण दीक्षा शेवटच्या घटका मोजत होती. नऊ वर्षं ज्या इस्पितळात ती नर्स होती, त्याच इस्पितळात.

नुकताच तिच्या मैत्रिणीचा, नूपुरचा फोन आला होता. "दादा, दीक्षा शुद्धीवर आलीय. आईला विचारतेय. लगेच व्हिडिओ लावा. फार वेळ नाहीये."

कौसल्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. फोनवर त्यांना माणूस म्हणजे नुसता डाग दिसायचा. म्हणून दर रविवारी दीक्षाशी बोलणं व्हायचं ते लॅपटॉपच्या मोठ्या पडद्यावर. अंकुशनं सवयीनं लॅपटॉपच बाहेर काढला.

कामठीच्या कॉलेजात तो एकवीस वर्षं कॉम्प्युटर लॅबचा असिस्टंट होता. भंगारात निघालेली यंत्रं घ्यायची, त्यांच्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकायची आणि पुन्हा चालती करायची, ही त्याची ख्याती. कुणाचं काही अडलं की 'दोन मिनिटं' म्हणायचा आणि खरोखरच करून द्यायचा. वडील गेले त्या दिवशीही माणसं अंगणात जमलेली असताना तो आतल्या खोलीत शेजाऱ्यांचा प्रिंटर उघडून बसला होता. शेवटी दीक्षानंच त्याला हाताला धरून बाहेर आणलं होतं.

त्यानं पडद्यावर कमांड द्यायची काळी खिडकी उघडली आणि भराभर कमांड टाइप करायला घेतल्या. वायफायचा ड्रायव्हर काढला, परत घातला. नेटवर्कची सेवा बंद केली, सुरू केली. फोनचं हॉटस्पॉट चालू होतं, पण लॅपटॉपला ते दिसतच नव्हतं.

"अंकुश, त्या लहान्या फोनवरच लाव ना गा."

"तुले दिसणार नाई, आई."

"नाई दिसलं तं नाई दिसलं. मले आवाज तं आयकू दे पोरीचा."

"हो वं, झालंच. दोनच मिनिटं."

त्याची बोटं थांबेनात. समोर नुसती अक्षरं सरकत होती आणि अक्षरांशी कसं वागायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. फोन मांडीवरच होता. एक बोट लावलं की दीक्षा दिसली असती. नळ्या लावलेली, केस गेलेली, दादाकडं बघणारी. तिला काय म्हणायचं, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

कौसल्याबाई पदराचं टोक मुठीत धरून पडद्याच्या उजेडाकडं बघत होत्या.

शेवटी एका ओळीत उत्तर आलं. वायफाय बटणानंच बंद होतं. लॅपटॉपच्या कडेला एक बारीक सरकतं बटण असतं. सामानाच्या तपासणीत बॅगेतून काढताघालता ते मागं सरकलं असणार. दरवर्षी नव्या पोरांना तो पहिल्याच तासाला बजावायचा, 'आधी बटण पाहा, मग डोकं लावा.'

त्यानं नखानं बटण पुढं सारलं. यादी क्षणात भरली. दोन वाजून एकोणचाळीस मिनिटं झाली होती.

नूपुरनं कॉल घेतला. तिचा मास्क हनुवटीवर होता. ती हलकेच म्हणाली, "दादा... सहा मिनिटं झाली."

कौसल्याबाई पडद्याजवळ सरकल्या. "नूपुर, मले दाखव वं."

नूपुरनं फोन वळवला. दीक्षाचा चेहरा पडदाभर आला, शांत, ओठ किंचित उघडे. कौसल्याबाईंनी तो नीट पाहून घेतला.

"काय बोलली वं शेवटी?"

"'आई कुठवर आली?' असं विचारलं. मी सांगितलं, विमानात बसली."

"बरं केलं," कौसल्याबाई म्हणाल्या.

"आई, माह्यामुळं..." अंकुश म्हणाला. "फोनवर लावता आला असता. मले तिच्याकडं पाहावत नव्हतं."

त्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. फक्त त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मले माहीत हाय. तू लहानपणापासून असाच."

याहून त्या रागावल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

मुंबईच्या विमानाची घोषणा झाली. अंकुशनं पडद्याला हात लावताच कौसल्याबाई म्हणाल्या, "बंद नको करू. ते तिले उचलून नेईपर्यंत राहू दे."

बॅग पाठीला अडकवून त्यानं उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर घेतला आणि तो रांगेत उभा राहिला. पडदा आईच्या बाजूनं वळवलेला. रांग पुढं सरके तसा तो पावलं जपून टाकत होता, पडद्याला हिसका बसू नये म्हणून. मागून कुणी घाई केली नाही. दारावरच्या मुलीनं बोर्डिंग पास मागितले, पडद्याकडं पाहिलं आणि कौसल्याबाईंच्या हातातून ते अलगद काढून घेतले.

"किती जण?" तिनं हळू विचारलं.

"दोघं," अंकुश म्हणाला, आणि आईला पुढं व्हायला वाट करून दिली.