वाल्देकचं स्थळ

माझ्या आधीच्या नवऱ्याने, झेमोवितने, माझं नाव त्याच्या पाळलेल्या मादी कोळ्याला ठेवलंय. बोग्ना. का, तर म्हणे नवरे खाते! बितॉम शहरातल्या आमच्या कोळी पाळणाऱ्यांच्या क्लबात हा विनोद तो अजून सांगतो आणि लोक अजून हसतात.

तरीही मी परवा त्याच्या दारात उभी होते. कोटाच्या आत, पोटाशी डबा धरून. डब्यात वाल्देक होता.

वाल्देक म्हणजे माझा निळ्या पायांचा टॅरँट्युला, तळहाताएवढा केसाळ कोळी. ही जात वाढवणारे क्लबातले म्हातारे आलोयझी वारले, त्यांचे बाकीचे कोळी थंडीत मेले, आणि त्या जातीची दोनच पिल्लं आमच्याकडे उरली. घटस्फोटात वाटणी झाली तेव्हा झेमोवित म्हणाला, "दोन्ही माद्याच आहेत. कुठलीही घे." मादी वीस वर्षं जगते. नर शेवटची कात टाकतो आणि वर्षभरात मरतो. दोघांच्या काती यानेच तपासल्या होत्या. माझ्या 'मादी'ने पुढची कात टाकली, तर पुढच्या पायांना नराचे आकडे! त्याला माहीत होतं. सगळं माहीत होतं मेल्याला.

आता वाल्देक थकला होता. एक पाय गळलेला, चालताना कलंडायचा. तो असाच मेला तर जातच संपली. म्हणून मी नाक मुठीत धरून आले होते. रिवाज सरळ आहे: नर ज्याचा, त्याची निम्मी पिल्लं, मग मादीने नराला खाल्लं तरी.

"निम्मी नाही," झेमोवित दारातच म्हणाला. "तुझा नर लंगडा आहे."

"मग राहू दे. तुझी बोग्ना मरू दे कुमारी."

"अगं, तोंड आहे की कात्री? ये आत. निम्मी तर निम्मी."

त्याने चहा विचारला नाही, मी कोट काढला नाही. मादीची काचपेटी खिडकीपाशी होती. बिळाच्या तोंडाशी पायांची दोन निळी टोकं तेवढी दिसत होती.

"महिन्यापूर्वी कात टाकली, तेव्हापासून बाहेर आली नाही," तो म्हणाला. "सोड त्याला."

कातीचा चुरगळलेला गोळा पाण्याच्या वाटीजवळ तसाच पडला होता.

"ही उघडून बघितलीस?"

"कशाला? मी काती वाचायला लागलो तेव्हा तू झुरळाला घाबरून खुर्चीवर चढायचीस."

"तुझ्या वाचनावर एकदा विश्वास ठेवला, तेवढा पुरे. भांडी घासायचा साबण दे. आणि कोमट पाणी."

"हे माझं घर आहे, बोग्ना!"

"हा माझा नर आहे."

साबण त्याने आपटून दिला. मी कात बशीत भिजवली, दात कोरायच्या काडीने हळूहळू पसरली. पोटाच्या आतल्या बाजूला मादीला एक छोटी पिशवी असते, नराचं बी साठवायची. मी भिंग धरलं. काती फाटतात, म्हणून पुन्हा बघितलं. ही फाटली नव्हती. पिशवी नव्हती.

"बघ," मी म्हटलं.

"बाजूला हो. तुला दिसत नाही." त्याने भिंग हिसकावलं. बराच वेळ वाकून राहिला. मग ब्रश घेतला आणि बिळाच्या तोंडाशी गुदगुल्या केल्या.

बोग्ना बाहेर आली. सडपातळ, लांब पायांची. तोंडाजवळच्या दोन आखूड पायांची टोकं मुठींसारखी फुगलेली, पुढच्या पायांना आकडे. वाल्देकसारखीच, फक्त तरणीबांड.

"मागची कात फाटली होती," तो पुटपुटला. "मला वाटलं, पिशवी दिसली."

"तुला हवी होती म्हणून दिसली! माझ्या गळ्यात नर मारलास, आणि स्वतः चार वर्षं नराला बाईच्या नावाने हाका मारतोयस!"

मी हसले. खूप मोठ्याने हसले, आणि मधेच रडू फुटलं. त्या माणसासमोर रडू यावं याचा मला भयंकर संताप आला. आलोयझींनी ती पिल्लं चिमट्याने माश्या भरवून वाढवली होती. आता दोन नर उरले होते, आणि दोघांचेही दिवस भरत आलेले.

डब्यात वाल्देकने पाय आपटायला सुरुवात केली. पेटीचा वास लागला असणार. नर मादीला असाच ठोके देऊन बोलावतो. पेटीतून दुसऱ्यानेही ठोके दिले.

मी डबा कोटात घातला. झेमोवित दारापर्यंत मागे आला.

"क्लबात सांगू नकोस, बोग्ना. हात जोडतो."

"सांगणार नाही. पण माझं नाव काढ त्याचं."

त्याने मान हलवली. जिना उतरताना मी डब्यावर हात ठेवला होता. वाल्देक अजून ठोके देत होता.