मण्यांची कड

पौषातल्या उन्हाची तिरीप सराफ बाजारातल्या त्या अरुंद दुकानात उतरायची, तेव्हा भिकाकाकांच्या हातोडीची किणकिण आधी ऐकू यायची आणि राळेच्या धुरातून त्यांचा चेहरा मागाहून दिसायचा. चांदीचा पत्रा ठशावर ठोकून देवघरातले देवांचे नि पूर्वजांचे टाक घडवणारा हा माणूस. बोटं मुळांसारखी गाठाळ, नजर कायम खाली. नजरेला नजर न देणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, हे सांगायला मला संकोच नाही. गंगापूर रोडवरच्या एका संग्राहकांची नाणी सांभाळते. त्यातलं एक जर्मन, चांदीचं, आठेकशे वर्षांपूर्वीचं: पिंपळपानासारखं पातळ, एकाच बाजूने उठावलेलं, मागे नुसती पोकळ सावली. सिंहासनावर राजा, भोवती मण्यांची कड. बायझंटाइन सम्राटांची ऐट कुण्या जर्मन कारागिराच्या कोरणीत झिरपलेली. माझ्याच हातून ते दुमडलं. नोकरी जाणार, हे उघड होतं. तात्यांचा, माझ्या दिवंगत वडिलांचा, टाक काकांकडे करायला टाकलाच होता. नाणंही त्यांच्यापुढे ठेवलं.

"ह्यो तर टाकच हाय! कुन्या कुळाचा?"

"जर्मन राजा आहे, काका."

"असंल. दोन दिस राहू दे माझ्याकडं."

दोन दिवस! ठसे कोरणाऱ्या हातांना नक्कल करायला तेवढे पुष्कळ झाले. परत मिळालं तेव्हा नाणं सरळ होतं, पण त्याची चकाकी मला परकी वाटली. मी पर्समधून छोटा वजनकाटा काढला आणि त्यांच्यादेखत ते तोललं. वजन संग्रहातल्या नोंदीशी तंतोतंत जुळलं.

"आता मलाबी तोलतीस व्हय, पोरी?" ते हसले, नजर मात्र खालीच. माझा संशय वजनाने फिटला नाही.

घरी येऊन टाकाची पुडी सोडली. तात्या उभे हवेत, असं मी सांगितलं होतं. आयुष्यभर शेवंतीच्या पाटीशेजारी फुलं विकत उकिडवे बसलेले माझे तात्या इथे सिंहासनावर बसले होते, आणि भोवती तीच मण्यांची कड. चोरी काकांनी केलीच होती, पण नाण्याची नव्हे, राजाच्या आसनाची.

"तुझा बाप खुर्चीत बसला गं," आई एवढंच म्हणाली.

माफी मागायला जायला मी महिना लावला. दुकानाला कुलूप होतं. काका वारून आठवडा झाल्याचं शेजारच्या सराफाने सांगितलं.

आता रोज टाक पुसताना त्याची मागची पोकळ बाजू बोटाला लागते. गेलेली माणसं काळाच्या पत्र्यावर अशीच आतून खोल राहत असावीत. त्या पोकळीचं वजन कुठल्याच काट्यावर येत नाही.