सरकीसकट निरोप

मी एक विषाणू बोलतोय. फार वेळ बोलणार नाही, कारण अंगात त्राण उरलेलं नाही आणि ऊन वर चढतंय. आदिलाबादजवळच्या तलमडुगूच्या अलीकडे एका कापसाच्या शेतात, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या काळ्या मातीत मी पडलोय. एड्स नावाचं जे दुखणं आहे ना, त्याचा विषाणू मी. माझं नाव घेताना तुम्ही आवाज खाली करता. करा, मला आता त्याचंही काही वाटत नाही.

माझा जन्म मारोतरावच्या रक्तात झाला. तो आदिलाबादच्या एका जिनिंग कारखान्याची लॉरी चालवायचा. रुईच्या गाठी घेऊन गेला की महिना महिना घरी नसायचा. त्याच्याकडे माझे पूर्वज कुठून आले ते मला विचारू नका. दुखणं आलं की माणसं आधी त्याचं कूळ विचारतात, औषध मागाहून. मारोतरावकडून मी त्याच्या बायकोकडे, सोजरबाईकडे आलो. तिला बिचारीला त्याचा पत्ताही नव्हता.

माझा धंदा सांगतो. मला स्वतःला काहीच करता येत नाही. मी म्हणजे आरएनएच्या धाग्यावर लिहिलेला एक निरोप. रक्तातल्या पेशीत शिरायचं, तो निरोप उलटा डीएनएमध्ये उतरवायचा आणि पेशीच्या गाभ्यात तिच्या जनुकांच्या पंगतीत जाऊन बसायचं. एकदा बसलं की कोणी उठवत नाही. पेशी आपले निरोप लिहिते, त्यात माझाही लिहिते. सुरुवातीला तिची लेखणी माझ्या नावाशी अडखळते, चार अक्षरं लिहून थांबते. कसाबसा एखादा निरोप पुरा झाला, की त्यातून टॅट नावाचा माझा गडी तयार होतो. तो लेखणीच्या पाठी लागला की मग ती थांबत नाही.

पण लिहिलं म्हणजे बाहेर पडलं असं नाही. गाभ्याला दारं आहेत आणि तिथला कायदा जिनिंगसारखा आहे. कापसातली सरकी, म्हणजे बी, काढल्याशिवाय माल फाटकाबाहेर जात नाही. निरोपातले मधले तुकडे छाटायचे, उरलेले जोडायचे, मगच दार उघडतं. माझे छाटलेले छोटे निरोप असेच सुटतात. पण नवा विषाणू घडवायचा तर अख्खा निरोप बाहेर यावा लागतो, सरकीसकट. त्यासाठी माझा दुसरा गडी आहे, रेव्ह. तो त्या छाटलेल्या निरोपातूनच जन्मतो, बाहेरून पुन्हा गाभ्यात येतो, अख्ख्या निरोपाला ठरलेल्या जागी धरतो आणि पेशीच्याच हमालाच्या खांद्यावर देऊन दारापार करतो. रेव्ह पुरेसे जमले नाहीत, तर अख्खा निरोप आतल्या आत संपतो.

सोजरबाईच्या ज्या पेशीत मी होतो तिथे टॅट नव्हता, रेव्ह नव्हता. मी झोपून होतो, आणि खरं सांगू, मला तेच बरं वाटत होतं. माझी भावंडं दुसऱ्या पेशींत राबत होती, एकेक पेशी संपवत होती. घर जाळून कोळशाचा व्यापार, दुसरं काय. या धंद्याचा मला केव्हाच कंटाळा आला होता.

पंच्याण्णव साली मारोतराव वाळत चालला. खोकला हटेना, ताप उतरेना. आदिलाबादहून त्याला नागपूरला धाडलं. तिथल्या डॉक्टरने त्याला एकट्याला बसवून सगळं सांगितलं आणि हिंदीत बजावलं, की बायकोला सांग, तिचीही तपासणी कर. मारोतराव बसने घरी आला आणि एवढंच बोलला, "टीबी हाय म्हने." ते खोटं नव्हतं. टीबी होताच. पण दाराबाहेर आला तो छाटलेला निरोप.

दिवाळीनंतर कापूस फुटला. वेचणीच्या दिवसांत या घरात एक रीत होती. दोन जावा लेकुरवाळ्या असल्या, तर दोघी शेतात जात नसत. एक कमरेला कापसासाठी ओटी बांधून वेचायला जायची, दुसरी घरी राहून दोन्ही लेकरांना पाजायची. कोणाचं दूध कोणाच्या पोटात गेलं, याची कोणी विचारपूस करत नसे. त्या साली घरी राहायची पाळी थोरलीची, सोजरबाईची होती, कारण नवराही अंथरुणावर. धाकटी जाऊ रुख्मिणी आपलं चार महिन्यांचं लेकरू तिच्या मांडीवर देऊन निघाली, तसा बाजेवरून मारोतराव बोलला,

"रुखमीच्या लेकराले तू पाजू नोको."

"काऊन?" सोजरबाईने विचारलं.

"मी सांगून राह्यलो नं." आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं.

अंगणात सगळ्यांनी ऐकलं. त्या घरात दूध नाकारणं म्हणजे वेगळं निघायचं म्हणणं. सासू जयवंताबाई म्हणाली, "जमिनीची वाटनी आयकली होती बाई. दुधाची आजच आयकली." रुख्मिणी लेकरू काखोटीला मारून शेतात घेऊन गेली. दिवसभर ते पळसाखालच्या झोळीत उन्हाने करपलं, संध्याकाळी अंग तापलेलं घेऊनच परतलं.

दुसऱ्या दिवशी रुख्मिणीचा नाइलाज झाला. तिने ते लेकरू ओसरीवर ठेवलं, जावेकडे न बघता निघून गेली. थोड्या वेळाने ते भुकेने रडायला लागलं. सोजरबाईला ऐकवेना. आजारी माणसाचा तुसडेपणा कुठवर मनावर घ्यायचा, असं म्हणत तिने त्याला पदराखाली घेतलं. तोवर माझी पेशी रक्तातून दुधाच्या वाटेला लागली होती. त्या लेकराचे ओठ माझ्यापासून चार बोटांवर होते. मला भीती वाटली. हो, मला. आणखी एका घरात जाऊन मी काय मिळवणार होतो?

तेवढ्यात मारोतराव भिंत धरत धरत ओसरीवर आला.

"निस्ता टीबी नाही. एड्स हाय मले. माह्यापासून तुलेबी झाला असन. दुधातून लेकराले जाते म्हने."

सोजरबाईने लेकरू बाजूला केलं. ते किंचाळलं. तिची स्वतःची सात महिन्यांची लेक पाळण्यात झोपली होती, तिच्याकडे बघून तिने विचारलं, "अन् माही पोरगी?"

मारोतराव खाली बसला.

तिने बकरीचं दूध उकळलं आणि कापसाच्या बोळ्याने दोघांनाही पाजलं. मला वाटलं, आता हीसुद्धा छाटूनच सांगणार. घरात टीबी आहे म्हणून नको, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण संध्याकाळी रुख्मिणी आली तेव्हा सोजरबाईने तिला आणि सासूला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. त्या दुखण्याचं नावसुद्धा गाळलं नाही. तिला कोणी रेव्ह नव्हता, कोणी हमाल नव्हता. एकटीने अख्खा निरोप बाहेर काढला. जयवंताबाईने आपला पाण्याचा तांब्या उचलून लांब ठेवला. रुख्मिणी उठून आत गेली.

सकाळी रुख्मिणीने ओटी बांधली नाही. ओटीचं फडकं तिने सोजरबाईच्या हातात दिलं, पाळण्यातली पोर उचलली आणि पदराखाली घेतली.

"बाई, तुमी जा येचाले. आतापासून दोघायले मीच पाजतो."

त्यातही तिला थोडा धोका होता. लागण झालेल्या लेकराकडून पाजणारीलाही क्वचित होतं. मला ते ठाऊक होतं, तिला नव्हतं. असतं तरी तिने पोर खाली ठेवली नसती, असं मला वाटतं.

सोजरबाई वेचायला लागली. उन्हं चढली तसं तिचं दूध दाटलं, चोळी भिजली. ती धुऱ्यावर बसली आणि रडत रडत ते दूध तिने मातीत पिळून टाकलं. त्यात मी होतो.

आता माझी पेशी वाळत चालली आहे. माझं दुःख करू नका, मी कोणाच्या दुःखाच्या लायकीचा नाही. फक्त एवढं ऐका. माझ्यासारख्याचं नाव दडवू नका. तुम्ही छाटून सांगितलेल्या निरोपावरच माझी वंशावळ पोसली जाते.

सोजरबाईने डोळे पुसले, ओटी आवळली आणि ती पुढच्या ओळीला लागली. माझी भावंडं तिच्या रक्तात अजून आहेत. त्यांच्यापर्यंत एकच निरोप पोचवता आला असता, तर मी म्हटलं असतं, झोपून राहा रे, हिची पोर मोठी होऊ द्या.