फौजदारकाकूंची खिडकी

माझी बायको गेली हे मला कुत्र्यांमुळे कळलं.

दुपारची वेळ होती. मी खाली दुकानात पंख्याची मोटार भरत बसलो होतो. जळालेली तांब्याची तार काढायची, नवी तार भरायची आणि भरताना प्रत्येक वेढा मोजायचा, हे माझं काम. मोजण्यात चूक झाली की पंखा तापतो आणि गिऱ्हाईक परत येतं. मागच्या बोळात कुत्री भुंकायला लागली. ते रोजचंच होतं. कुत्री भुंकायची, थोड्या वेळाने वरच्या खिडकीतून बायकोचा आवाज यायचा, "हाड! मेल्यांनो, दुसरं घर नाही का तुम्हाला?" मग पाणी फेकल्याचा आवाज, आणि मग शांत. इतकी वर्षं मी त्या आरडाओरड्यातच वेढे मोजत आलो. त्या दिवशी कुत्री भुंकत राहिली आणि वरून आवाज आलाच नाही. माझा आकडा चुकला. मी तार खाली ठेवली.

जिना चढत होतो तेवढ्यात मागून नर्सबाई धावत आली. ती बोळाच्या पलीकडे राहते. इस्पितळात रात्रपाळी करते आणि खिडकीला आतून काळं कापड लावून दुपारी झोपते. केस विस्कटलेले, पायात चपला नाहीत.

"काका, काकू घरात नाहीत का?" ती म्हणाली. "केव्हापासून भुंकतायत, आणि काकू ओरडल्या कशा नाहीत?"

बायको स्वयंपाकघरात खिडकीखाली भिंतीला टेकून बसली होती. हातातला मग आडवा पडला होता आणि पाणी फरशीवरून दारापर्यंत आलं होतं. नर्सबाईने गुडघे टेकून नाडी पाहिली, मानेला हात लावला, पापणी उघडून पाहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, तुम्ही जरा बसा. खाली बसा."

मी ओल्या फरशीवरच बसलो. कुत्री तेव्हाही भुंकत होती.

गल्लीत बायकोला सगळे फौजदारकाकू म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. कोणी स्कूटर आडवी लावली, कोणी कचरा दुसऱ्याच्या दारात लोटला, की लोक आधी हिला हाक मारायचे. कुत्र्यांविरुद्धच्या तक्रारीवर पहिलं नाव हिचंच होतं. तक्रार लिहिली शेजारच्या औषधवाल्याने, पण "काकू, तुमचं नाव वर असलं की वजन पडतं" म्हणत तो कागद घेऊन घरी आला, आणि हिने लगेच सही ठोकली. मी म्हटलं, तू कशाला यात पडतेस?

"अहो, ती पोरगी रात्रभर पेशंटांचं करते आणि दुपारी तिच्या डोळ्याला डोळा लागत नाही," ती म्हणाली. "तुम्ही तुमची तार मोजा."

ती गेल्यावर भुंकणं वाढलं. आधी थोडा वेळ असायचं, आता दुपारभर चालायला लागलं, आणि तेही नेमकं आमच्याच खिडकीखाली. मी वर जायचं टाळत होतो. दुकानातच जेवायचो, दुकानातच आडवा व्हायचो. वेढे मोजायला बसलो की कुत्री सुरू, आणि थांबली की मी वरच्या आवाजाची वाट बघत राहायचो. दोन्ही वेळा आकडा चुकायचा. एकही मोटार धड भरून होईना.

औषधवाला रोज येऊन टेबलाला टेकून उभा राहायचा.

"वचक होता हो काकूंचा," तो म्हणायचा. "आता कुत्र्यांना रान मोकळं मिळालंय. आणि माझ्या पंख्याचं काय झालं?"

"मोटार केव्हाच भरून झाली. पाया सापडत नाहीये."

"पाया सापडत नाही म्हणजे? ओतीव लोखंड आहे ते. खिशात घालून नेलं का कोणी?"

त्याचा उभा पंखा. दांडा, जाळी, पाती सगळं तयार होतं. फक्त खालचा गोल पाया, परातीएवढा, एका हाताने उचलत नाही असा, दुकानातून नाहीसा झाला होता. बायको असतानाच झाला होता. मी तिला विचारलं तेव्हा ती माझ्यावरच उखडली. "तुमच्या पसाऱ्यातून गेला असेल भंगारवाल्याकडे. मला काय विचारता, मी काय पंखे खाते?" त्यावरून आमचा अबोलाही झाला होता. तेव्हापासून तो पंखा भिंतीला टेकून उभा आहे.

"ते राहू द्या," औषधवाला म्हणाला. "शुक्रवारी पालिकेचे साहेब येतायत, कुत्री पकडायची गाडी घेऊन. तक्रारदार काकू होत्या. आता त्यांच्या जागी तुम्ही उभं राहायचं. एवढंच म्हणायचं, या कुत्र्यांनी माझ्या बायकोचा जीव घेतला."

"डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं."

"अहो, पण ते बंद कशाने पडलं? रोज ओरडून ओरडूनच ना?"

मी मान खाली घालून तार उचलली. तो गेला तेव्हा त्याचा समज झाला की मी हो म्हणालो.

त्याच दिवशी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी असते.

"बाबा, तुम्ही इकडे या. खोली रिकामी आहे. हेही रोज विचारतायत, बाबा कधी येणार म्हणून."

"हातात कामं आहेत गं."

"कसली कामं? एक पंखा तर आहे म्हणालात."

"त्याचा पाया मिळत नाहीये."

"बाबा, पाया राहू द्या आता," ती म्हणाली. मी बघतो म्हणालो आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी भुंकणं असह्य झालं तेव्हा मी वर गेलो. तिचा पाण्याचा मग ओट्यावर होता, नर्सबाईने उचलून ठेवला असणार. मी तो भरला आणि खिडकी उघडली. खाली काळा होता, एक शेपूटतुटका होता, आणि लंगडी नावाची म्हातारी कुत्री होती. ही नावं बायकोचीच. शिव्या घालताना ती त्यांची नावं घ्यायची. खिडकी उघडताच सगळी गप्प झाली आणि वर बघायला लागली. माझ्याकडे नाही, माझ्या बाजूला, जिथे ती उभी राहायची तिथे. तिच्यासारखं ओरडणं मला जमेना. नुसतंच पाणी फेकलं.

एकही कुत्रं पळालं नाही. पाणी काळ्याच्या पाठीवर पडलं, तर शेपूटतुटका त्याची पाठ चाटायला लागला. लंगडी भिंतीवरचा ओघळ चाटत होती. शेपट्या हलत होत्या.

मी जिना उतरून बोळात गेलो. मागच्या बाजूला मी सहसा जात नाही. तिथे कचऱ्याचे पिंप असतात, आणि कोणी टाकून दिलेली दाराची एक फळी आमच्या भिंतीला तिरकी टेकलेली आहे. फळीच्या आडोशाला, बरोबर आमच्या खिडकीच्या खाली, औषधवाल्याच्या पंख्याचा पाया होता. उलटा करून ठेवलेला. उलटा केला की तो खोलगट भांड्यासारखा होतो. मधलं दांड्याचं भोक आणि बाजूची बोल्टची भोकं माझ्याच डब्यातल्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवली होती. नीट, बोटाने दाबून दाबून, कडा सारख्या करून. लांबीवर तिच्या अंगठ्याचा ठसा होता. तळाला वाळलेलं हिरवं शेवाळ होतं. पाण्याचा थेंब नव्हता.

मी तिथे फळीला धरून उभा राहिलो. कुत्री माझ्याभोवती गोळा झाली होती.

म्हणजे ती हाकलत नव्हती. ती पाणी घालत होती. शिव्या गल्लीला ऐकवायला होत्या, पाणी कुत्र्यांना होतं. आणि कुत्र्यांनी त्यातून साधी गोष्ट घेतली होती, की या खिडकीखाली भुंकलं की पाणी मिळतं. म्हणून ती इथेच यायची. ज्या भुंकण्याने नर्सबाईची झोप उडायची, ते भुंकणं हिनेच शिकवलं होतं. हे तिला कळलं होतं का? कळल्यावर तिला थांबता आलं नाही का? पाणी बंद करावं तर कुत्री अजून भुंकणार, द्यावं तर उद्या पुन्हा येणार. ही त्यात अडकली होती म्हणून पहिली सही ठोकली, की संशय नको म्हणून? मी चाळणीतून चाळून पाहावं तसं सगळं पुन्हा पुन्हा पाहिलं. विचारायला माणूस नव्हतं.

शुक्रवारी साहेब यायच्या आधीच मी वरून बादलीने पाणी सोडलं. धार हळू, भिंतीला लावून, म्हणजे आवाज नको. कुत्री पोटभर प्यायली आणि फळीच्या सावलीत पसरली.

साहेब आले, गाडी आली, गल्लीतली माणसं बोळाच्या तोंडाशी जमली. साहेब थोडे आत येऊन उभे राहिले. काळ्याने एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"कुठे आहे त्रास?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, रोज या वेळेला नुसता कल्लोळ असतो," औषधवाला म्हणाला. "आज बघा कशी जावयासारखी पसरलीत!"

"गाडी बघितली त्यांनी. बेरकी आहेत," मागून कोणीतरी म्हणालं, आणि दोघंतिघं हसले.

साहेबांनी घाम पुसला. "यांना इथे कोणी खायला-प्यायला घालतं का? तसं असेल तर आम्ही ती त्याचीच कुत्री धरतो. मग सगळ्यांच्या त्रासाचा जाब त्याने द्यायचा."

"आमच्या गल्लीत असलं कोणी नाही," औषधवाला छाती काढून म्हणाला.

मी फळीच्या पुढे उभा होतो. पाय तिथून हलवता येत नव्हता.

मग नर्सबाई पुढे झाली. डोळ्यांखाली काळं आलं होतं. "साहेब, काकू होत्या म्हणून मी थोडी तरी झोपायचे. माझ्यासाठी त्या रोज खिडकीत येऊन यांना हाकलायच्या. शेवटीसुद्धा हातात पाण्याचा मग होता त्यांच्या." ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही सांगा ना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या पाठीमागे फळी होती आणि फळीमागे पाया. खरं सांगितलं तर ही पोरगी आयुष्यभर काय समजणार, ते मला तिच्या तोंडावर दिसत होतं. खोटं सांगितलं तर गाडीचं दार उघडंच होतं.

"मी पुढे दुकानात असतो," मी म्हणालो. "मला इकडचं फारसं ऐकू येत नाही."

औषधवाल्याने कपाळावर हात मारला. "अहो काका! अख्ख्या गल्लीला ऐकू येतं आणि तुम्हाला नाही?"

साहेब म्हणाले, "हे बघा, तक्रार तुमच्या घरच्यांच्या नावाने आहे आणि त्या नाहीत. पुढे चालवायची की मागे घ्यायची, ते तुमच्यावर. मी पुन्हा येईन. कधी ते सांगणार नाही, म्हणजे खरंखोटं कळेल."

गाडी रिकामी गेली. औषधवाला तेव्हापासून माझ्याशी तुटक बोलतो. तक्रार मागे घेतली तर तो म्हणेल, बायकोची शेवटची इच्छा मातीत घातली. पुढे चालवली तर ज्यांना तिने पाणी पाजलं त्यांना मी माझ्या सहीने गाडीत घालणार. गप्प राहायचं तर साहेब कुठल्याही दुपारी येऊ शकतात, म्हणून रोज दुपारी, कुत्र्यांना तहान लागायच्या आत, मला वर खिडकीशी असावं लागतं. लेकीकडे एक रात्र राहायला जाणंसुद्धा जमणार नाही. मी आता वरच जेवतो. बादली भरून ठेवतो, बोळात कोणी नाही ना ते पाहतो, आणि चोरासारखं पाणी सोडतो. मोटार भरायला बसलो तरी कान मागेच असतो.

परवा नर्सबाई दुकानात डोकावली. तोंड धुतल्यासारखं स्वच्छ दिसत होतं. "काका, दोन-तीन दिवस कशी गाढ झोप लागतेय. काकूच वरून लक्ष ठेवून आहेत बघा."

"हो," मी म्हणालो.

काळा आणि शेपूटतुटका पाणी पिऊन गप्प पडतात. लंगडीचं तसं नाही. ती पाणी पिते, तोंड झटकते, आणि मग खिडकीकडे बघून भुंकते. फार नाही, एकदा भुंकून थांबते, कान टवकारते, पुन्हा भुंकते. भांड्यात पाणी असतं. तिला पाणी नको असतं. मी खिडकीच्या कडेला उभा असतो आणि मला माहीत असतं की आता काय ओरडायचं असतं. मी गप्प राहिलो तर ती भुंकत राहील आणि नर्सबाई जागी होईल, तेही माहीत असतं.

ते ओरडणं मला अजून जमलेलं नाही. साहेबांना काय सांगायचं ते ठरलेलं नाही, आणि औषधवाल्याचा पंखा पाया नसलेला, दुकानात भिंतीला टेकून उभा आहे.