आप्पांचे चिकू

बेलापूरच्या सोसायटीत आप्पांनी लावलेली चिकूची कलमं दुसऱ्यांदा वाळली. आप्पा मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या बाजारात पाठीवर पोती वाहून निवृत्त झालेले. शेणखत, पाणी, काही कमी केलं नव्हतं.

"आप्पा, आता टेन्शन सोडा," सेक्रेटरी हौसेराव म्हणाले. "त्या जागेत स्कूटरसाठी शेड टाकू."

आप्पांचं जेवण कमी झालं. त्यांची सून उज्वला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिने मेलेल्या कलमाची मुळं प्रयोगशाळेत नेली, उकळून निळ्या रंगात बुडवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मुळं आतून रिकामी होती, निळा धागा एकही नव्हता. तिच्या लक्षात आलं. सोसायटी डोंगरातल्या मुरुमाच्या भरावावर उभी होती, आणि त्या मुरुमात फळझाडांच्या मुळांशी राहणारी बुरशीच नव्हती.

"बुरशी तर झाड कुजवती," आप्पा म्हणाले.

"ती वेगळी, आप्पा. हिचे तंतू मुळांच्याही पुढे जातात, पाणी आणि अन्न ओढून आणतात. झाड त्या बदल्यात तिला साखर देतं."

उज्वलाने सोसायटीच्या सभेत उभं राहून एक संधी मागितली. हौसेरावांनी कुरकुरत दिली.

रविवारी सासरा-सून उलव्याला गेले. तिथल्या बयाबाईंच्या वाडीत जुना, भरदार चिकू होता. त्याच्या बुडाची माती हवी म्हटल्यावर बयाबाई हसल्या. "फळं सोरून माती मांगतंय कोन? ने, पन जपून खन. झाराला इजा नको."

बारीक मुळांसकट ती माती घरी आली. उज्वलाने ती पिशव्यांत भरून नवी कलमं लावली, शेजारी नाचणी पेरली. नाचणीच्या मुळांवर ही बुरशी झपाट्याने वाढते. पावसाळ्याच्या तोंडाशी कलमं जमिनीत लागली.

दिवाळीनंतर उज्वलाने एक मूळ तपासलं आणि आप्पांना कॉलेजात बोलावलं. आप्पांनी भिंगाला डोळा लावला. मुळाच्या आत निळ्या धाग्यांच्या फांद्या फुटल्या होत्या.

"सूनबाई, हे तर झाडातलं झाड हाय," ते हळूच म्हणाले.

उन्हाळा आला. भरावाचा मुरुम तापून तडकला, पण कलमांचं एकही पान कोमेजलं नाही. तिसऱ्या वर्षी फांद्या चिकूंनी वाकल्या. आप्पांनी टोपल्या भरून प्रत्येक घरी चिकू पोचवले, सगळ्यात आधी हौसेरावांकडे. हौसेरावांनी दारातच एक फोडून खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाले, "मागच्या बाजूलाही लावू या. खड्डे मी खणवतो."

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या सोसायटीतली माणसं आली. त्यांचीही झाडं मरत होती. आप्पांनी धोतराचा काचा मारला, आपल्याच चिकूच्या बुडाशी बसले आणि जपून, हाताने, माती उकरून त्यांच्या पाटीत घालू लागले.