आजीची गाठींची दोरी

"पोरगी झाली वं, पोरगी!" आतून सुईणीचा आवाज आला आणि सुमती ओट्यावरून उठली ती थेट कोनाड्यातल्या डब्याकडेच धावली. बहीण सुहासिनी कशी आहे, बाळ कोणावर गेलं, हे विचारायचंही तिला भान राहिलं नाही. आई ओरडली. ओरडणारच. पण सुमतीचा तरी काय दोष? दोन महिने ती या आरोळीची वाट पाहत होती. तांडापेठेतल्या त्या कोष्ट्याच्या घरात बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवायचं-विणायचं नाही, असा सक्त दंडक होता. आणि बारशाला बाळाच्या अंगात वच्छलाबाईचा स्वेटर असलाच पाहिजे, हा दुसरा. दोन्हींच्या मधे उरत बारा दिवस.

वच्छलाबाई म्हणजे सुमतीची आजी. जन्म मागावर गेला, पण उतारवयात बर्डीवरच्या एका नर्सबाईकडून ती लोकर विणायला शिकली आणि तिला वेडच लागलं. सायकलच्या तारा घासून तिनं सुया केल्या. लोकर मात्र एकदाच आणली, गडद डाळिंबी. पहिल्या नातवाला स्वेटर झाला, तो मोठा झाल्यावर उसवला, धुतला, आणि त्याच लोकरीचा दुसऱ्याला विणला. सात नातवंडं अशी एकाच लोकरीत वाढली. मागच्या दसऱ्याला तिनं तो शेवटचा उसवला, लड बांधली आणि डबा सुमतीच्या मांडीवर ठेवला. "सुहासिनीले लेकरू होईल तवा तू विणजो. आता हे तुह्यं," म्हणाली. कार्तिकात ती गेली.

सात नातवंडांत डबा आपल्याला मिळाला, या आनंदानं सुमती कित्येक दिवस हवेत होती. दिवसातून चारदा ती तो उघडून पाही, पण दंडकापायी आतल्या लोकरीला-दोरीला हात लावत नसे. सुयांना आजीच्या हाताचा वास येतो असं तिला वाटे आणि ती ते कोणाला सांगत नसे.

डब्यात लोकर, सुया, पाच बटणं आणि एक पांढरी सुती दोरी होती. दोरीभर गाठीच गाठी. आता कोष्ट्याच्या पोरीला गाठ दाखवणं म्हणजे मांजराला उंदीर दाखवणं! सहाव्या वर्षापासून सुमती सुतातल्या गाठी सोडवत आलेली. सुतात गाठ राहिली की तार तुटते, तार तुटली की बाप ओरडतो. भाचीच्या जन्माच्या त्या सकाळी, पाणी तापेपर्यंत, तिनं सुईच्या टोकानं एकूण एक गाठ मोकळी केली. बाप जागेश्वर मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्याबसल्या ते पाहत होता.

"शाब्बास!" तो म्हणाला. "माह्यी पोरगी सूत वाया जाऊ देत नाही."

मग काय, सुया सुटल्या! आजी गळ्यापासून खाली विणत येई, तशीच सुमती विणू लागली. बाह्या झाल्या, पाठ झाली, पोट झालं. नवव्या दिवशी फक्त काठ उरला. आजीच्या स्वेटरला खाली करवतीचा काठ असे, साडीला असतो तसा, उलट टाक्यांनी उठवलेला. तेवढा काठ विणताना आजी कोणालाही जवळ बसू देत नसे. सुमतीनं बापाच्या मागावरचा काठ पाहून दात विणले. दोनदा विणले, दोनदा उसवले. दात येत होते, पण ते आजीचे नव्हते.

दहाव्या दिवशी दुपारी उमरेडहून कौशल्याआत्या आली. पायावर पाणी घ्यायच्या आधी तिनं स्वेटर हातात घेतला.

"हा मायचा काठ नाही वं," ती म्हणाली. "दोरी पाहून काहून नाही विणला?"

"कोणती दोरी?"

"अवं, डब्यातली! गाठीची! माय एकएक गाठ चाचपत विणे. जितक्या गाठी तितके उलटे टाके. मले ठाऊक आहे न, मी मागून चोरून पाहत होती."

आजीनं विश्वासानं दिलेला डबा, आणि त्यातली सगळ्यात मोलाची वस्तू सुमतीनं पहिल्याच दिवशी आपल्या हातानं पुसून टाकली होती. वर शाबासकी घेतली होती!

"आत्या, मी गाठी सोडल्या," ती कशीबशी म्हणाली.

"सोडल्या? काहून?"

"गाठी दिसल्या म्हणून."

आत्या कपाळाला हात लावून मटकन खाली बसली. मागाची खटखट थांबली. जागेश्वरनं मागावरून मान वर केली. "दोरी कुठं आहे?" त्यानं विचारलं.

"बाबा, गाठी नाहीत आता तिच्यात."

"मी गाठीचं इचारून राहिलो का? दोरी कुठं आहे?"

दोरी! सकाळी बाळाची दुपटी धुवायला बांधली ती त्याच दोरीनं! सुमती धूम पळाली. विहिरीवर आई गाठोडं बादलीत सोडणारच होती. सुमतीनं ते हातातून असं हिसकलं की आईचा तोल गेला आणि शेजारच्या यमुताईंची घागर कलंडली. दोघींचा आरडाओरडा मागे टाकून सुमती परत आली, हातात दोरी. कोरडी!

जागेश्वरनं धोतराला हात पुसले, दोरी घेतली आणि डोळे मिटले. चिमटीतून ती हळूहळू सरकवू लागला.

"पाण्यात गेली असती त संपलं होतं," तो म्हणाला. "पंधरा-वीस वर्षं गाठ बसली तिथं सूत पीळ धरून ठेवते. हे पाह्य, इथं वाकलं. इथं पुन्हा वाकलं. दोन. मग मोकळं. मग तीन. मग पाच. घे वं सुया, पाहून काय राहिली?"

सुमतीनं सुया घेतल्या. बाप मोजी आणि ती विणी. दोन, तीन, पाच. दोन, तीन, पाच. एक दात उठला, दुसरा उठला, आणि आत्या लहान पोरीसारखी टाळ्या पिटू लागली. "हाच! हाच मायचा काठ!" आई भांडायला म्हणून आत आली ती भांडण विसरून तिथंच टेकली. बाळंतिणीच्या खोलीतून सुहासिनी ओरडत होती, "मले सांगा न कोणी, काय होऊन राहिलं!"

आठ दात झाले. नवव्याला जागेश्वर अडखळला. "दोन, तीन..." त्यानं बोट मागं नेलं, पुन्हा पुढं आणलं. "सात?"

"मायनं चुकून मारल्या असतील दोन जास्त," आत्या म्हणाली. "पाच घे वं तू."

"थांब." जागेश्वरनं डोळे उघडले. दोरी त्यानं पुन्हा पहिल्या दातापासून मोजली.

"दोन, तीन, पाच हा आपल्या घरचा काठच नव्हे," तो शेवटी म्हणाला. "आपला दोन, चार, सहा. हा माह्या पहिल्या साडीचा आहे. बारा वर्षांचा होतो मी. मोजणी जमली नाही, आणि नवव्या दाताले त हात पारच घसरला, सात तारा उचलल्या. बुवांनी, माह्या बापानं, मारलं मले. म्हणाले, हे लुगडं कोणी घेणार नाही. माय म्हणाली, मी नेसतो. फाटेपर्यंत नेसली."

सुमती बापाकडे पाहत राहिली. सुयांच्या कामाला आयुष्यभर 'बायकांचा खेळ' म्हणणारा तिचा बाप उपरण्यानं डोळे पुसत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. त्याची ती चूक आजीनं फाटक्या लुगड्यावरून दोरीत उतरवून घेतली होती आणि सातही नातवंडांच्या अंगावर मिरवली होती. सुमती स्वतः तीन वर्षांची होईपर्यंत बापाची चूक पोटाशी घेऊन हिंडली होती!

"बाबा, पाच घेऊ का सात?" तिनं विचारलं, जरी तिला उत्तर ठाऊक होतं.

"सातच घे. एक टाका कमी करशील त खबरदार!"

बारशाला स्वेटर घालून पाळण्यात ठेवलेलं बाळ पाहायला अर्धी तांडापेठ लोटली. यमुताईसुद्धा आल्या, घागरीचा राग बाजूला ठेवून. काठाकडे निरखून पाहत त्या म्हणाल्या, "सगळं छान झालं वं, पण इथं एक दात चुकला." सुमती, आत्या आणि आई एकदम हसत सुटल्या आणि यमुताईंना काही कळेना.

जागेश्वर त्या गर्दीत नव्हता. सुमती त्याला शोधत मागाच्या खोलीत गेली. जन्मभर सुतातल्या गाठी सोडवणारा तिचा बाप खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसला होता आणि आजीच्या दोरीला, वाकलेल्या प्रत्येक जागी, मोजून गाठ मारत होता. नववा दात झाल्यावर त्यानं दोरी तिच्या हातात दिली.

"डब्यात ठेव," तो म्हणाला. "अन् सुमे, आता सोडशील त पाह्य."